नळाचा कान

गजकाचा रिकामा डबा, मुरैनेचा,
झाकणाला अजून दोन तीळ चिकटलेले.
त्यात तो बसतो,
पत्त्यांच्या कॅटाएवढा कॉम्प्युटर.
शितोळ्यांची ऋजुता बारावी देऊन रिकामी होती,
तिनं बसवला. मायक्रोफोन नळाच्या मानेला बांधला
माझ्या जुन्या परकराच्या नाडीनं.
काम एकच : पाईपात पाणी आलं की ओळखायचं
आणि बोळातल्या चार घरांत घंटा वाजवायची.

लष्करात आमच्याकडे पाणी दिवसाआड,
आणि वेळ सांगून येत नाही.
कधी दोनला, कधी पावणेचारला.
एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजात
मी कानाला हेडफोन लावून बसले;
ट्रंक कॉल लागायच्या आधीची ती पोकळ खरखर
अजून झोपेत ओळखते.
पण नळाशी जागरण आता होत नाही.
म्हणून हा, माझ्या जागी, रात्रपाळीला.

एप्रिलभर नीट चाललं.
मे लागला, लू सुटली, पारा सेहेचाळीस,
आणि हा नेमका पाणी यायच्या वेळी मुका.
ऋजुतानं आकडा दाखवला : ब्याऐंशी.
"आजी, तापला की तो मुद्दाम हळू होतो.
जळू नये म्हणून."
ऐकून बरं वाटलं.
आमच्या बोर्डावर ही सवलत नव्हती.
मैनाताई खंडकर एका जूनमध्ये खुर्चीतच कलल्या,
प्लग हातात,
आणि पलीकडून झाशी हॅलो हॅलो करतेय.

नजरबागेतून सामान आणलं :
हीटसिंक म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा कंगवा, पेराएवढा,
त्याच्याखाली लावायचं पांढरं मलम,
वर रुपयाहून जरा मोठा पंखा.
मलम मी लावलं. थोडंच लागतं,
बाळाला तीट लावतो तेवढं.
डब्याला दाभणानं भोकं पाडली.
आकडा उतरत गेला, सत्तर, चौसष्ट, अठ्ठावन्न,
आणि आम्ही दोघींनी एक-एक ग्लास पन्हं प्यालं.

त्या रात्री एक वाजता घंटा.
चार घरं उठली, बादल्या, कळशा, लोखंडी ड्रम.
नळ कोरडे.
सव्वाला पुन्हा. दीडला पुन्हा.
सक्सेनाजी बनियनवर बोळात उभे :
"बहनजी, पानी है कहाँ?"
मी घंटेची वायर उपसली आणि डब्याशी बसून
कान लावला, जुन्या सवयीनं, डोळे मिटून.
मग हसूच आलं.
पंख्याची घुरघुर
पत्र्यातून, वायरीतून, नळाच्या मानेत उतरत होती
हुबेहूब लांबून निघालेल्या पाण्यासारखी.
बिचारा आपल्याच श्वासाला पाणी समजत होता.

वायर लांब केली, तर तिलाच खरखर.
पंखा काढला, तर ब्याऐंशी.
डब्याखाली पायपुसणं घातलं, त्यानंही भागेना.
तीन दिवस असेच गेले, एक पाणी हुकलंही.
मग मी तिला सांगितलं, आम्ही काय करायचो :
लाईनवर कोणी कितीही बोलत असो,
"थांबा" म्हणायचं, आणि ऐकायचं.
तिनं चार ओळी लिहिल्या.
नऊ मिनिटं पंखा. एक मिनिट नुसतं ऐकणं.
असं रात्रभर.

आता न्हाणीच्या दाराशीच खाट टाकलीय.
पंखा चालू असला की झोप लागते,
थांबला की जाग येते.
दर वेळी.
आणि त्या एका मिनिटात आम्ही दोघं
अंधारात नळाकडे कान देऊन.

काल तीन पन्नासला तो थांबला.
बोळ गप्प. कुत्रीसुद्धा.
पाईपातून आधी हवा आली,
एक लांब उसासा, मग ढेकर.
घंटेच्या आधीच मी उठून बसले होते,
पण वाजू दिली. काम त्याचं आहे.
शितोळ्यांकडे दिवा लागला,
सक्सेनांचा ड्रम फरशीवर घासत निघाला.
पहिली बादली कढत पाण्याची.
तशीच भरली.